कडुलिंबापासून दहा मीटर : हद्दीच्या एका हरवलेल्या दगडाचे प्रकरण

नागपूरच्या आग्नेयेला, उमरेड रस्त्यावर दिघोरी ओलांडल्यानंतर, शेतजमिनींचे तुकडे पाडून तयार झालेली जुनी लेआउट लागतात. अशाच एका लेआउटमधील बाराशे चौरस फुटांच्या भूखंडाचा ईशान्य कोपरा नेमका कोठे आहे, यावरून दोन शेजारी कुटुंबांत अनेक महिने अबोला होता. भूखंड एका निवृत्त शिक्षिकेचा आहे; पूर्वेकडील शेजाऱ्यांनी आपले घर आधीच बांधलेले असून त्यांना आता आवारभिंत घालायची होती. मला तेथे बोलावले ते बाईंच्या भाच्याने, जो एकेकाळी तंत्रनिकेतनात माझ्या सर्वेक्षणाच्या वर्गात बसत असे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून पुढील वर्णनात दिशा आणि आकडे थोडे सरळ करून घेतले आहेत. प्रश्नाचे स्वरूप मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

भूखंडाच्या चार कोपऱ्यांवर पूर्वी चार दगड होते. त्यांपैकी नैर्ऋत्येचा एकच आज शाबूत आहे. आग्नेयेचा दगड सिमेंट रस्त्याच्या आणि त्याला लागून बांधलेल्या नालीच्या कामात गाडला गेला, वायव्येचा सेप्टिक टँक खणताना निघाला, आणि ईशान्येचा कधी नाहीसा झाला हे कोणालाच आठवत नव्हते. बाईंकडे विक्रीपत्रासोबत सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचा हातकागदावरचा एक आखणी-नकाशा होता. त्यावर ईशान्य कोपऱ्यापासून तीन खुणांची अंतरे लिहिलेली होती : नैर्ऋत्येच्या दगडापासून १५.०० मीटर, रस्त्याकडेच्या सार्वजनिक विहिरीच्या कठड्यावर छिन्नीने कोरलेल्या खुणेपासून १३.०० मीटर, आणि कडुलिंबापासून १०.०० मीटर. दगडाला आपण अ, विहिरीच्या खुणेला ब, कडुलिंबाला क आणि हरवलेल्या कोपऱ्याला प म्हणू. अ आणि ब यांमधले अंतर आम्ही मोजले, ते २०.०० मीटर भरले.

ज्याने कोणी हा नकाशा काढला त्याची पद्धत चुकीची नव्हती. दगड हलतो, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून कोपऱ्याची ओळख आसपासच्या स्थिर वस्तूंपासूनच्या अंतरांनी बांधून ठेवणे ही मोजणीतील जुनी रीत आहे. एका खुणेपासूनचे अंतर दिले की कोपरा एका वर्तुळावर कोठेतरी आहे एवढेच कळते, दुसरे अंतर दिले की तो दोन वर्तुळांच्या छेदनबिंदूंपैकी एक ठरतो, आणि तिसरे अंतर त्या दोहोंतून एक निवडण्यासाठी व आधीच्या मापांची पडताळणी करण्यासाठी असते. दोन भिन्न वर्तुळे दोनपेक्षा अधिक बिंदूंत छेदत नाहीत, हे युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकातले दहावे प्रमेय आहे. ती छेदतात की नाही हा मात्र वेगळा प्रश्न आहे. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या अगदी पहिल्याच रचनेत, दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण उभारताना, दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात हे गृहीत धरून टाकले आणि त्यासाठी कोणताही आधार दिला नाही. ही उणीव दूर करायला रेषांच्या व वर्तुळांच्या सातत्याविषयी वेगळी गृहीतके मांडावी लागली. कागदावर कंपास फिरवणाऱ्याला ही अडचण जाणवत नाही. दिघोरीच्या त्या भूखंडावर ती पहिल्याच दिवशी समोर आली.

भाच्याने माझ्या येण्याआधीच एकदा प्रयत्न करून पाहिला होता. त्याने दगड आणि कडुलिंब या दोन खुणा निवडल्या, कारण विहिरीकडे जायला मधली झुडपे तोडावी लागत होती. झाड म्हणजे त्याच्या बुंध्याचा मध्य असे त्याने धरले. बुंध्याचा घेर १.७६ मीटर, म्हणजे त्रिज्या २८ सेंटिमीटर, आणि दगडापासून बुंध्याच्या मध्यापर्यंतचे अंतर २५.०५ मीटर. एका टेपवर पंधरा मीटर आणि दुसरीवर दहा मीटर धरून दोघेजण एकमेकांकडे सरकले, तेव्हा पंधरा आणि दहा मिळून पंचवीसच होत असल्यामुळे मध्ये पाच सेंटिमीटरांची फट राहिली. ती कशीच भरेना. शेजारचे काका कुंपणापलीकडून पाहत होते. ते म्हणाले, “टेप तर जुळूनच नाही राहिली. नकाशाच खोटा आहे तुमचा.”

नकाशा खोटा ठरवण्याची घाई दोन्ही बाजूंनी झाली असती, पण भाच्याने दुसऱ्या दिवशी वेगळा विचार केला. झाडापासून मोजणारा माणूस सालीवरच टेप लावतो, बुंध्याच्या पोटात शिरत नाही. म्हणून त्याने दगडाकडे तोंड करून असलेल्या बाजूस सालीत खिळा ठोकला. दगडापासून खिळ्याचे अंतर २४.७७ मीटर आले, आणि आता वर्तुळे छेदली. तीही दोन ठिकाणी, एकमेकांपासून ३.३१ मीटरवर. त्यांतला एक बिंदू उत्तरेकडच्या रिकाम्या भूखंडात बराच आत जात होता, म्हणून तो सोडून त्याने दुसरा धरला आणि तेथे खुंटी ठोकली. ही खुंटी पूर्वेच्या शेजाऱ्यांच्या समजुतीतील हद्दीपेक्षा एक फुटाहून अधिक त्यांच्या बाजूला होती. अबोला सुरू झाला तो त्या संध्याकाळी.

मी गेलो तेव्हा प्रथम झुडपे तोडायला लावली आणि अ व ब या दोन खुणांवरून गणित मांडले. दगड हा आरंभबिंदू, विहिरीच्या खुणेची दिशा पूर्व, आणि तिला लंब ती उत्तर असे धरले, तर पहिले वर्तुळ क्ष² + य² = २२५ आणि दुसरे (क्ष − २०)² + य² = १६९ असे लिहिता येते. एकातून दुसरे वजा केले की वर्ग नाहीसे होतात आणि ४०क्ष − ४०० = ५६ एवढेच उरते. म्हणजे क्ष = ११.४०. ही एका सरळ रेषेची समीकरणे आहेत हे शाळेत फारसे ठसत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. दोन वर्तुळांची समीकरणे वजा केली की नेहमी एक रेषाच मिळते. वर्तुळे छेदत असतील तर ती त्यांच्या सामाईक जीवेची रेषा असते, स्पर्श करत असतील तर सामाईक स्पर्शिका असते, आणि ती एकमेकांपासून दूर असली तरीही, केंद्रे वेगळी असेपर्यंत, रेषा मिळतेच, फक्त ती दोन्ही वर्तुळांच्या बाहेरून जाते. त्यामुळे दोन वर्तुळांच्या छेदनाचा प्रश्न प्रत्यक्षात एक रेषा आणि एक वर्तुळ यांच्या छेदनाचा प्रश्न होतो, आणि तो केंद्रापासून त्या रेषेच्या अंतरावर अवलंबून राहतो. येथे ती रेषा दगडापासून ११.४० मीटरवर आहे, त्रिज्या १५ मीटर आहे, म्हणून २२५ − १२९.९६ = ९५.०४ आणि य = ९.७५ किंवा −९.७५. ऋण उत्तर रस्त्याच्या पलीकडे, एका चहाच्या टपरीमागे पडते; ते सोडून देण्यात कोणाला अडचण नव्हती.

अशा रीतीने प हा बिंदू दगडापासून ११.४० मीटर पूर्वेस आणि ९.७५ मीटर उत्तरेस आला. भाच्याची खुंटी ११.७६ मीटर पूर्वेस आणि ९.३१ मीटर उत्तरेस होती. दोन्ही बिंदू नकाशावरच्या दोन-दोन अंतरांशी तंतोतंत जुळत होते आणि तरीही त्यांच्यात अर्ध्या मीटरहून अधिक फरक होता. बाईंचे म्हणणे असे की, दोन्ही उत्तरे नकाशातूनच निघाली असतील तर आपल्याला सोयीचे का घेऊ नये. हा प्रश्न त्यांनी रागाने नव्हे, गणिताच्या शिक्षिकेने विचारावा तसा विचारला होता, आणि त्याला उत्तर देणे भाग होते.

कडुलिंबाच्या बाजूची तीच वजाबाकी करून पाहू. अ आणि क यांना जोडणाऱ्या रेषेवर दगडापासून किती अंतरावर सामाईक जीवेची रेषा येते, एवढेच मोजायचे आहे. झाडाचा मध्य धरला तेव्हा हे अंतर १५.०२ मीटर आले होते. ते १५ पेक्षा मोठे, म्हणून रेषा वर्तुळाला शिवलीच नाही आणि टेपा जुळल्या नाहीत. सालीवरचा खिळा धरला तेव्हा ते १४.९१ झाले आणि अर्धी जीवा १.६६ मीटर आली. म्हणजे रेषा अवघी अकरा सेंटिमीटर सरकली, आणि तेवढ्यात ‘छेदनबिंदू नाही’ येथपासून ‘३.३१ मीटर अंतरावर दोन छेदनबिंदू’ येथपर्यंतचा प्रवास झाला. दहावीच्या पुस्तकात वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण, शून्य आणि धन असे तीन प्रकार शिकवले जातात, तेव्हा ते तीन एकमेकांपासून दूर असलेले कप्पे वाटतात. जमिनीवर ते एका वितीच्या आत होते.

याचे कारण वर्तुळाच्या आकारात आहे. पंधरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाला स्पर्श करणारी रेषा केंद्राकडे फक्त एक सेंटिमीटर सरकवली, तर १५² − १४.९९² चे वर्गमूळ सुमारे ०.५५ येते, म्हणजे आत जी जीवा तयार होते ती १.१० मीटर लांबीची असते. एका सेंटिमीटरच्या चुकीची किंमत एक मीटरहून अधिक. याउलट केंद्रापासून ११.४० मीटरवरची रेषा एक सेंटिमीटर सरकली तर तिची टोके दीड सेंटिमीटरच्या आसपासच हलतात. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर, छेदनबिंदू किती पक्का आहे हे दोन वर्तुळे तेथे कोणत्या कोनात भेटतात यावर ठरते, आणि तो कोन म्हणजे त्या बिंदूकडे जाणाऱ्या दोन त्रिज्यांमधला कोन. दगड आणि विहीर यांच्या त्रिज्या प पाशी सुमारे ९१ अंशांत भेटत होत्या. दगड आणि कडुलिंब यांच्या त्रिज्या सुमारे १७० अंशांत भेटत होत्या, म्हणजे तिन्ही बिंदू जवळजवळ एकरेषीय होते आणि वर्तुळे एकमेकांना ओझरती घासून जात होती. सर्वेक्षणाच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना त्रिकोणाचा कोणताही कोन ३० अंशांहून लहान किंवा १२० अंशांहून मोठा घेऊ नका असे सांगतो. भाच्याने हे वाक्य उत्तरपत्रिकेत नक्कीच लिहिले असणार. पाठ केलेला नियम झुडपांपुढे हरला.

नागपूरच्या माणसाला या नियमाची आठवण करून द्यायला दूर जावे लागत नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने ज्या त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणायला सुरुवात केली, तिचे काम चालू असतानाच १८२३ मध्ये तो आपल्या शेजारच्या हिंगणघाट येथे वारला. त्या मोहिमेतले लोक डोंगरमाथ्यांवर आणि मनोऱ्यांवर चढत ते दृष्टी मोकळी मिळावी म्हणून तर खरेच, पण त्रिकोण चपटे होऊ नयेत यासाठीही जागा निवडण्यात त्यांचे पुष्कळ श्रम जात. एक अरुंद त्रिकोण शिरला की पुढच्या सगळ्या साखळीत चूक वाढत जाते. भाच्याने मोबाइलवरील स्थानदर्शक उघडून दाखवला, तेव्हा मी त्याला सांगितले की तेथेही उपग्रहांपासूनच्या अंतरांनी गोलांचे छेदनच चालले आहे, उपग्रह आकाशाच्या एकाच भागात गोळा झाले की तेही असेच घसरते, आणि हातातल्या मोबाइलची चूक कित्येक मीटरांची असू शकत असल्याने छत्तीस सेंटिमीटरांच्या भांडणात त्याला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही.

मग कडुलिंबाचा आकडा टाकून द्यायचा का? तसे केले असते तर मला समाधान वाटले नसते, कारण ज्या मापाने आपले उत्तर तपासायचे तेच गैरसोयीचे निघाले म्हणून वगळणे योग्य नाही. म्हणून अ आणि ब वरून ठरलेल्या प पासून आजच्या खिळ्यापर्यंत टेप धरली. अंतर ९.८७ मीटर निघाले. नकाशावर १०.०० आहे, म्हणजे साल तेरा सेंटिमीटर पुढे आली आहे. चाळीस वर्षांत कडुलिंबाच्या बुंध्याची त्रिज्या १५ सेंटिमीटरांवरून २८ सेंटिमीटर व्हावी, यात आश्चर्य काही नाही. जुनी साल आणि आजची साल यांतला हा फरक लक्षात घेतला की तिसरे वर्तुळही प मधूनच जाते. मोजणाऱ्याने खुणेसाठी वाढणारी वस्तू घेतली एवढीच त्याची चूक, आणि ती त्याने तिसऱ्या क्रमांकावर ठेवली हे त्याचे शहाणपण. नकाशा खोटा नव्हता.

शेजारच्या काकांनी येथे एक चांगला आक्षेप घेतला. विक्रीपत्रात क्षेत्रफळ बाराशे चौरस फूट लिहिले आहे, तर ज्या बिंदूने बाराशे भरतात तोच खरा, इतके साधे का नाही? भूखंड आयताकृती आहे आणि त्याची रस्त्याकडील बाजू अ–ब या रेषेत आहे असे मानून आम्ही तिन्ही बिंदूंची क्षेत्रफळे काढली. विहिरीवरून आलेल्या बिंदूने १,१९६ चौरस फूट, भाच्याच्या खुंटीने १,१७९ आणि त्याने सोडून दिलेल्या, उत्तरेकडे आत जाणाऱ्या बिंदूनेही १,१८४ चौरस फूट भरले. तिन्ही बिंदू दगडापासून पंधरा मीटरवरच आहेत, म्हणजे आयताचा कर्ण तिन्ही वेळा तोच आहे, आणि कर्ण कायम ठेवून आयत चौरसाच्या जवळपास असताना त्याच्या बाजू कमी-जास्त केल्या तर क्षेत्रफळ फारच थोडे बदलते. कोपरा जवळपास दोन मीटर उत्तरेला गेला तरी क्षेत्रफळात बारा चौरस फुटांचा फरक पडतो. म्हणून क्षेत्रफळाने हा वाद सुटण्यासारखा नव्हता. या हिशेबातून एक गोष्ट मात्र बाहेर पडली. ज्या खुंटीसाठी बाईंचे कुटुंब भांडत होते, ती मान्य झाली असती तर पूर्वेला छत्तीस सेंटिमीटर मिळून मागच्या बाजूला चव्वेचाळीस सेंटिमीटर गेले असते, आणि एकूण जमीन सतरा चौरस फुटांनी कमीच भरली असती. हे ऐकल्यावर बाई पहिल्यांदा हसल्या.

आतापर्यंत जमीन सपाट कागदासारखी आहे असे धरून चाललो होतो. ती तशी नाही. भूखंड उत्तरेकडे नाल्याच्या दिशेने उतरतो, आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने पाहिले तेव्हा प हा बिंदू दगडापेक्षा नव्वद सेंटिमीटर खाली असल्याचे दिसले. टेप जमिनीलगत ताणली तर तिचे टोक वर्तुळावर नव्हे, पंधरा मीटर त्रिज्येच्या गोलावर असते. त्या गोलाला जमिनीचे उतरते प्रतल छेदते तेव्हा छेद वर्तुळच असतो, परंतु ते वर्तुळ तिरपे असते आणि नकाशावर त्याची लंब सावली लंबवर्तुळाची पडते. मग नकाशावरची अंतरे क्षितिजसमांतर आहेत की उतारावरून घेतलेली, हा प्रश्न उरतो.

येथे अ आणि ब या जोडीने आणखी एक उपकार केला. दोन गोलांची समीकरणे वजा केली की रेषेऐवजी प्रतल मिळते, आणि ते प्रतल केंद्रांना जोडणाऱ्या रेषेला लंब असते. दगड आणि विहिरीवरची खूण जवळजवळ एकाच पातळीत असल्यामुळे हे प्रतल उभे आहे, आणि त्याचे समीकरण पुन्हा क्ष = ११.४० असेच येते. जमीन कितीही उतरती असो, प या उभ्या प्रतलातच राहणार. हे प्रतल जमिनीच्या प्रतलाला एका रेषेत छेदते आणि त्या रेषेवर प पुढे-मागे सरकू शकतो एवढेच. उतारावरचे माप धरले तर उत्तरेकडचे अंतर ९.७५ ऐवजी ९.७१ होते. चार सेंटिमीटरांचा हा फरक उत्तरेच्या भूखंडाशी संबंधित आहे. पूर्वेच्या हद्दीला त्याने काहीही होत नाही. कडुलिंबाच्या जोडीत मात्र पंधरा मीटरच्या मापातील या उतारामुळे पडणारी पावणेतीन सेंटिमीटरांची घटही बिंदूला सोळा सेंटिमीटर हलवते, आणि तीही दोन्ही हद्दींच्या तिरप्या दिशेने.

हद्दीचा कोपरा बोलताना आपण बिंदू म्हणतो, पण भिंत बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो बिंदू नाही. पूर्वेची भिंत हे एक प्रतल, उत्तरेची भिंत हे दुसरे. दोन प्रतले छेदली तर सरळ रेषेत छेदतात, आणि जमीन हे तिसरे प्रतल त्या रेषेला ज्या ठिकाणी कापते तो कोपरा. हा कोपरा कोणत्याही उंचीवर मोजला तरी नकाशावर एकाच ठिकाणी यावा यासाठी भिंती खऱ्या अर्थाने उभ्या असाव्या लागतात. शेजाऱ्यांची मागील बाजूची जुनी भिंत काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने कललेली होती आणि तिच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडला तर तो पायथ्यापासून तीन सेंटिमीटर दूर पडत होता. काका आपली हद्द त्या भिंतीच्या वरच्या कडेवरून मोजत आले होते. कोपरा जमिनीच्या पातळीवर घ्यायचा, हे ठरल्यावर त्यांच्या आणि आमच्या मापांतला उरलेला फरकही जवळजवळ मिटला.

प च्या जागी खोदल्यावर दगड सापडला नाही. काळ्या मातीत हातभर खोलीवर मुरमाचा एक गठ्ठा निघाला. तो दगडाखाली भरलेला असू शकेल, नसूही शकेल, आणि त्याला पुरावा म्हणण्याची माझी तयारी नव्हती. खासगी मोजणीला कायद्याने हद्द ठरवता येत नाही, त्यामुळे दोन्ही कुटुंबांनी मिळून सरकारी मोजणीसाठी अर्ज करायचे ठरवले आणि तोपर्यंत आवारभिंतीचा पूर्वेकडचा पाया विहिरीवरून आलेल्या रेषेच्या आत धरायला काकांनी मान्यता दिली. लोखंडी खुंटी सिमेंटमध्ये बसवून तिच्यापासून नवी अंतरे घेतली : दगडापासून, विहिरीच्या खुणेपासून आणि काकांच्या घराच्या जोत्याच्या कोपऱ्यापासून, त्रिज्यांमधले कोन साठ अंशांहून कमी होणार नाहीत असे पाहून. प्रत्येक अंतरापुढे ‘क्षितिजसमांतर’ असे लिहिले आणि जोत्याचा कोणता कोपरा, कोणत्या थराचा, हेही लिहिले. उत्तरेच्या चार सेंटिमीटरांचा प्रश्न तसाच आहे. त्या भूखंडाचे मालक पुण्याला राहतात आणि त्यांना अजून कोणी काही विचारलेले नाही.